लेन्स घेण्याआधी माडाच्या शेंड्याकडे बघा

या पानावर आपण नेहमी खते, बियाणे, फवारण्या यांबद्दल बोलतो. आजचा विषय कॅमेऱ्याच्या लेन्सचा आहे. पण सुरुवात फवारणीपासूनच करावी लागेल, कारण दोन फवारण्या माझ्या चुकीने फुकट गेल्या.

श्रीवर्धन तालुक्यातले एक वाडीवाले आहेत. त्यांना आपण नाना म्हणू. नानांनी मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. माडाच्या खालच्या झावळ्यांवर काजळ फासल्यासारखा काळा थर बसला होता. खाली लिहिले होते, "साहेब, बुरशी आली काय? काय मारू?" फोटो जमिनीवरून काढलेला. खालच्या झावळ्या बऱ्या दिसत होत्या. वरचा शेंडा म्हणजे आभाळाच्या उजेडात नुसते काळे ठिपके. मी काळा थर पाहिला आणि बुरशीनाशक सांगून मोकळा झालो. नानांनी एकदा फवारले, पंधरा दिवसांनी पुन्हा फवारले. काळा थर होता तसाच.

मग मी स्वतः वाडीत गेलो. सोबत कॅमेरा आणि ५५-२५० ची झूम लेन्स होती. खालून वरच्या झावळ्यांचे फोटो घेतले आणि तिथेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहिले. पानांच्या खालच्या बाजूला मेणासारखी पांढरी चक्राकार वेटोळी दिसली. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. ती वर बसून रस शोषते, तिच्या अंगातून गोड चिकटा खालच्या पानांवर गळतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. म्हणजे बुरशी होती हे खरे, पण दुखणे वर होते आणि आम्ही औषध खाली मारत होतो. या माशीसाठी तज्ज्ञांची शिफारस अशी आहे की रासायनिक कीटकनाशके टाळावीत, कारण त्यांनी एन्कार्शिया नावाचा मित्रकीटकही मरतो. पाण्याचा जोरदार फवारा आणि गरज पडल्यास कडुनिंब तेल, एवढ्यावर भागवावे.

नाना मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पंपवाल्याला दोन खेपेची मजुरी दिली, साहेब. जाऊ द्या."

ते 'जाऊ द्या' मला लागले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या वाड्यांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षे घेते, माडाला जातीप्रमाणे कमी-जास्त काळ लागतो. वादळातून जे झाड उभे राहिले, त्याची किंमत वाडीवाल्यालाच ठाऊक. त्यावर चुकीच्या औषधाचा प्रयोग परवडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा लेन्सशी काय संबंध? संबंध असा की हल्ली गावोगावी कॅमेरे आले आहेत. कंपन्यांचा भर मिररलेस कॅमेऱ्यांवर गेल्यापासून शहरातले लोक जुने डीएसएलआर काढून टाकतात आणि ते स्वस्तात आपल्याकडे येतात. कुणाचा मुलगा लग्नाच्या ऑर्डरी घेतो, कुणाला घरगुती राहण्याच्या सोयीचे फोटो टाकायचे असतात, कुणी शेतकरी गटासाठी पांढऱ्या कांद्याच्या माळांचे फोटो काढतो. बॉडी हातात आली की पुढचा प्रश्न माझ्याकडे येतो. "सर, लेन्स कुठली घेऊ? पैसे थोडे आहेत." नानांच्या मुलानेही त्याच दिवशी हेच विचारले. त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

पण त्याआधी एक स्पष्ट सांगतो. केवळ नुकसानीच्या पंचनाम्यासाठी कॅमेरा किंवा लेन्स विकत घेऊ नका. पडलेले झाड, उडालेले छप्पर, पाण्याखालचे भात यासाठी मोबाईल पुरतो, उलट फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटवण्याची सोय त्यात सहज असते. तलाठी भाऊसाहेबांना दाखवायलाही तोच बरा. जे मोबाईलला दिसत नाही तेवढ्यापुरतीच लेन्स घ्यायची.

एकर आणि सतरा गुंठे

तुमच्याकडे आलेला कॅमेरा बहुधा क्रॉप सेन्सरचा असेल. फिल्मच्या जमान्यात निगेटिव्हची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. तेवढाच सेन्सर असला की त्याला फुल फ्रेम म्हणतात. निकॉन आणि सोनीच्या क्रॉप कॅमेऱ्यात तो साधारण २३.५ बाय १५.६ मिमी असतो, कॅननमध्ये २२.३ बाय १४.९. आपल्या हिशेबात सांगायचे तर फुल फ्रेम हा एक एकर धरला, तर निकॉनचा क्रॉप सेन्सर १७ गुंठे आणि कॅननचा साधारण १५ गुंठे.

लेन्स तीच, ती चित्रही तेवढेच पाडते. पण जमीन कमी असल्याने कडेचे चित्र बांधाबाहेर पडते आणि मधलेच आपल्या वाट्याला येते. म्हणून लेन्सवरच्या आकड्याला निकॉनमध्ये दीडने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणायचे. ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी दिसते, २५० ची लेन्स कॅननवर ४०० सारखी. दुकानदार याला "फुकट झूम मिळते" म्हणतो. फुकट काही नसते, कडा कापल्या जातात एवढेच. तरीही आपल्या कामाला हे कापणे उपयोगी पडते, कारण आपल्याला लांबचे आणि बारीक पाहायचे आहे. तोटा होतो तो अरुंद जागेत, जिथे सगळे चौकटीत मावायला हवे असते.

या गोष्टीमुळे दुसराही पैसा वाचतो. क्रॉप सेन्सरसाठी वेगळ्या, लहान आणि स्वस्त लेन्स बनवल्या आहेत. निकॉनमध्ये त्यांच्यावर 'डीएक्स' लिहिलेले असते, कॅननमध्ये 'ईएफ-एस'. पुढेमागे फुल फ्रेम घेऊ म्हणून आजच फुल फ्रेमची महागडी, जड लेन्स घेणारे मी पाहिले आहेत. ती फुल फ्रेम बॉडी काही आली नाही, आणि लेन्स जड म्हणून घरीच राहते. बैल घेण्याआधी गोठा बांधावा हे ठीक, पण चार बैलांचा गोठा एका शेळीसाठी कशाला?

हातात आहे ती आधी वापरा

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ च्या लेन्सला पुष्कळ लोक नावे ठेवतात. मी ठेवत नाही. १८ वर अख्खी वाडी, घर, पडवी, भाताचा खाचर येतो. ५५ वर माणसाचा फोटो चांगला येतो. शिवाय बहुतेक नव्या १८-५५ लेन्स बऱ्याच जवळून फोकस होतात. चित्र मूळ वस्तूच्या सुमारे एक तृतीयांश आकाराचे सेन्सरवर पडते. पानावरची अळी, करपा रोगाचे ठिपके, निळ्या भुंगेऱ्यांनी ओरबाडलेले भाताचे पान यांना एवढे पुरते. जुना कॅमेरा घेताना ही लेन्स सोबत मिळत असेल तर सोडू नका, सुटी घ्यायची झाली तरी ती स्वस्तच असते. फक्त तिच्यावर 'व्हीआर' (निकॉन) किंवा 'आयएस' (कॅनन) ही अक्षरे आहेत का ते पाहा. ती हाताचा कंप सावरणारी सोय आहे. पोफळीच्या वाडीत भरदुपारीही किती अंधार असतो हे तुम्हाला सांगायला नको. तिथे शटर सावकाश उघडझाप करते आणि हात हलला की फोटो गेला.

दोन-तीन महिने एवढीच लेन्स वापरा. मग आपले कोणते फोटो अडतात हे स्वतःलाच कळते आणि दुकानदाराला विचारावे लागत नाही.

दुसरी लेन्स: आपल्याकडची कीड वर बसते

शहरातली माणसे दुसरी लेन्स म्हणून ५० ची साधी लेन्स सुचवतात. त्यांच्यापुरते ते बरोबर आहे. पण नारळ-सुपारीच्या गावात माझे मत वेगळे आहे. पहिले पैसे लांबच्या झूमवर खर्च करा. कॅननची ५५-२५०, निकॉनची ५५-२०० किंवा ७०-३०० यांपैकी एखादी.

हिशेब मांडून दाखवतो. पंधरा मीटर उंचीचा माड आहे. तुम्ही बुंध्यापासून दहा मीटर लांब उभे आहात. शेंडा तुमच्यापासून साधारण अठरा मीटरवर येतो. मोबाईलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात त्या अंतरावर सुमारे २५ मीटर रुंदीचा देखावा येतो. त्यात एक झावळी म्हणजे काडीच. १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली तर सात मीटरभर रुंदी येते, म्हणजे पूर्ण शेंडा. आणि २५० वर? अवघी दीड-पावणेदोन मीटर. एक पेंड किंवा एका झावळीचा तुकडा चौकटभर. इतक्या लांबून माशी ओळखू येणार नाही, पण तिची वेटोळी येतात. गेंड्या भुंग्याने कोवळा पोगा कुरतडला की पुढे उलगडलेल्या झावळीला इंग्रजी व्ही अक्षरासारखे काप दिसतात, तेही येतात. इरिओफाईड कोळीने नारळाच्या देठाकडच्या टोपीखाली पाडलेले त्रिकोणी, पुढे तपकिरी होणारे चट्टेही येतात. माडावर चढणारी माणसे आता मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी द्यावी लागते, आणि नुसते बघण्यासाठी कुणाचा जीव टांगणीला लावायचा?

दोन गोष्टी मात्र सांभाळा. जुन्या बाजारात ७०-३०० आकड्याच्या बऱ्याच लेन्स फारच स्वस्त दिसतात. त्यांतल्या काहींना कंप सावरणारी सोय नसते. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० तर दोन प्रकारांत निघाली, एक व्हीआर असलेली, एक नसलेली. दिसायला सारखीच. अक्षरे वाचूनच घ्या. काही ७०-३०० लेन्सवर 'मॅक्रो' असेही लिहिलेले असते. ते वाचून भुलू नका, त्या बहुधा निम्म्या आकारापर्यंतच जातात.

दुसरे म्हणजे वारा. कंप सावरणारी सोय तुमचा हात सावरते, झावळी नाही. आपल्या किनाऱ्यावर सकाळ चढली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि शेंडे डोलू लागतात. म्हणून सकाळी नऊ-साडेनऊच्या आत, सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढा. शटरचा वेग सेकंदाच्या चारशेव्या भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवा. मागे आभाळ असले की झावळी काळी येते. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे एक बटण असते, ते अधिककडे एक ते दीड पायरी न्या. आभाळ पांढरे पडेल, पडू द्या. आपल्याला पान बघायचे आहे.

हीच लेन्स फणसाड अभयारण्याच्या बाजूला पक्षी दाखवायला पाहुणे येतात त्यांच्या वाटाड्यांना उपयोगी पडते. हिवाळ्यात अलिबाग-आक्षीच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, त्यांनाही पुरते. पक्षीवाले याहून मोठमोठ्या लेन्स वापरतात. आपण त्या नादाला लागू नये.

बारीक किडीसाठी पोकळ नळी

आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा चारेक मिलिमीटरचा. १८-५५ वर तो चौकटीच्या रुंदीत सोळा-सतरावा भाग व्यापतो. ओळख पटते, पण खात्री होत नाही. खरी मॅक्रो लेन्स वस्तू आहे त्याच आकाराची सेन्सरवर पाडते, पण ती महाग असते. केवळ किडीसाठी ती घेण्याची गरज मला वाटत नाही.

तिच्याऐवजी पोकळ नळ्यांचा संच घ्यावा. दुकानात त्याला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. आत काच नसते. बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवली की लेन्स पुढे सरकते आणि अगदी जवळचे फोकस होते. ५० च्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की आकारात निम्म्याची भर पडते. तोच तुडतुडा मग चौकटीचा आठवा भाग व्यापतो आणि पाचरीसारखे अंग, पंखांची ठेवण स्पष्ट दिसते. संच घेताना धातूचे विद्युत संपर्क असलेलाच घ्या. बिनसंपर्काचा फार स्वस्त मिळतो, पण त्यात कॅमेऱ्यावरून लेन्सचे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही आणि माणूस वैतागून नळी फेकून देतो. नळी लावल्यावर लांबचे काहीच फोकस होत नाही, लेन्स बिघडली असे समजू नका. अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११ ठेवा, नाहीतर किडीचा डोळा स्पष्ट आणि पंख धूसर असा प्रकार होतो. पहाटे दव असताना कीड सुस्त असते, तेव्हाच जावे.

नळीचे पैसेही नसतील तर लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणारे भिंग मिळते. कडा थोड्या धूसर येतात, काम भागते. लेन्सवर गोलावर तिरपी रेघ असलेल्या चिन्हापुढे ५२, ५५, ५८ असा आकडा असतो, त्या मापाचे मागा. फुलकिडे जेमतेम एक मिलिमीटरचे, ते नळीने ओळखण्याइतपत येतात. इरिओफाईड कोळी मात्र यातल्या कशानेही दिसणार नाही, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो. तिथे फोटो पाठवत बसू नका, नारळच पिशवीत घालून किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या.

लग्नवाले आणि खोलीवाले

ज्यांना कॅमेऱ्यातून चार पैसे मिळवायचे आहेत त्यांची गरज वेगळी. हळदीची रात्र, पालखी, बंदरावरचा पहाटेचा मासळीचा लिलाव, सगळीकडे उजेड कमी. १८-५५ ही लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते. ५० ची एफ १.८ लेन्स बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते म्हणून सगळे तीच घेतात. पण आपण मघाशी गुणाकार केला तो विसरू नका. क्रॉप कॅमेऱ्यावर ती लांबची होते. मांडवात तीन मीटरवरून दीड मीटर रुंदीही येत नाही. नवरा-नवरी येतील, करवल्या कापल्या जातील. निकॉनवाल्यांनी ३५ ची डीएक्स एफ १.८ पाहावी. कॅननवाल्यांना २४ ची चपटी लेन्स आहे, ती एफ २.८ ची असली तरी किट लेन्सपेक्षा जास्त उजेड घेते आणि आपल्या घरांच्या पडवीत मागे सरकायला लावत नाही. ज्यांना मुख्यतः एकेका माणसाचे फोटो आणि नळी लावून कीड काढायची आहे, त्यांनी ५० खुशाल घ्यावी.

नागाव, काशीद, दिवेआगरकडे खोल्या देणारे बरेच जण १० च्या आकड्यापासून सुरू होणारी रुंद लेन्स विचारतात. दहा फुटी खोलीची समोरची भिंत १८ वर अख्खी येते. १० वर तीन भिंती येतात आणि खोलीचा हॉल होतो. पाहुणे फोटो बघून येतात, दार उघडतात आणि मग तोंडाचा पट्टा चालू होतो. रुंद लेन्स वाईट नाही, पण खोली आहे तेवढीच दाखवावी. त्या पैशात एक बरा तिपाई स्टँड येतो. खोली हलत नाही, तिला स्टँडच जास्त उपयोगी.

१८-१४० सारखी एकच लेन्स सगळीकडे चालवावी का, असेही विचारतात. समुद्रावर वाळू-वाऱ्यात लेन्स बदलावी लागत नाही हा तिचा मोठा गुण. पण माडाच्या शेंड्याला ती थोडी कमी पडते आणि किंमत जास्त. जवळ आधीपासून असेल तर वापरा.

जोड जुळते का बघा

कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही हे सर्वांना माहीत असते. पण एकाच कंपनीतही फसगत होते. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. तिच्यावर जुनी 'एएफ-डी' लेन्स बसते, फोटो निघतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. 'एएफ-एस' घ्यावी. 'एएफ-पी' ही नवी जात चांगली आहे, पण डी ३१०० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा फोकस चालत नाही. कॅननमध्ये 'ईएफ' आणि 'ईएफ-एस' दोन्ही क्रॉप डीएसएलआरला बसतात, मात्र 'आरएफ' मिररलेसची आहे, ती बसत नाही. म्हणून जुनी लेन्स घ्यायला जाताना आपली बॉडी गळ्यात घालूनच मांडव्याच्या लाँचमध्ये बसा. विकणारा "चालते हो" म्हणाला तरी स्वतः लावून वीस-पंचवीस फोटो काढा. एखादे वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून त्याचा फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचून पाहा. एक कोपरा स्पष्ट आणि दुसरा धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

आपल्या हवेतला खरा शत्रू

आता जे सांगतो ते वर सांगितलेल्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे आहे. कोकणात लेन्स पडून फुटत नाही, तिला बुरशी लागते. हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की काचेवर बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे जूनपासून दमटपणा ऐंशीच्या खाली क्वचितच येतो.

माझी पहिली झूम लेन्स मी पावसाळ्यात चामडी पिशवीत घालून लोखंडी कपाटात, कपड्यांच्या घडीत जपून ठेवली होती. गणपतीला बाहेर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याचे जाळे. साफ करण्याचा खर्च लेन्सच्या निम्म्या किमतीइतका सांगितला, वर "डाग राहतील" हेही ऐकले. दुसऱ्याच्या भातावर करपा कसा टाळावा हे सांगणारा माणूस मी, आणि घरच्या काचेवर बुरशी पोसली. कृषी पदविकेत हे शिकवत नाहीत, पण तत्त्व तेच आहे: ओल, अंधार आणि कोंडलेली हवा.

जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणे काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा, मागून बॅटरीचा उजेड टाका आणि पुढून तिरपे बघा. धुळीचे दोन-चार कण चालतील. धाग्यांसारखी जाळी किंवा धुके दिसले तर कितीही स्वस्त असो, परत द्या. ती लेन्स आणून चांगल्या लेन्सशेजारी ठेवू नका.

घरी ठेवण्यासाठी झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा पुरे. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारे छोटे यंत्र ठेवा. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. सिलिका जेलचे दाणे ओल पिऊन रंग बदलतात, मग ते तापवून पुन्हा वापरता येतात. पण स्वयंपाकाच्या कढईत मुळीच तापवू नका, निळ्या दाण्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असतात. शक्यतो नारिंगी दाणे मागा. जेलऐवजी तांदूळ घालू का, असे एका काकूंनी विचारले होते. नको. तांदळाची भुकटी लेन्सच्या आट्यांत जाते, आणि पावसात तांदूळच ओल धरतो. चामडी आणि कापडी पिशव्या फक्त प्रवासापुरत्या. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून चार फोटो घ्या, वापरातल्या लेन्सला बुरशी कमी धरते. समुद्रावरून आल्यावर किंचित ओल्या, मग कोरड्या मऊ फडक्याने बाहेरचा भाग पुसा, खाऱ्या हवेने जोडाचे धातू काळवंडतात. किनाऱ्यावर काम जास्त असेल तर पुढे एक साधा यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवा. शिंतोडे त्याच्यावर पडतील.

कीड-रोगाचा फोटो कृषी कार्यालयात किंवा विद्यापीठात पाठवणार असाल तर एकच पाठवू नका. एक अख्ख्या झाडाचा, एक लागण झालेल्या फांदीचा किंवा झावळीचा, आणि एक पानाच्या खालच्या बाजूचा. हा तिसरा फोटो लोक विसरतात. त्या दिवशी तो मीही मागितला नव्हता.

नानांच्या मुलाकडे कॅननची जुनी बॉडी आणि १८-५५ होती. त्याने आधी ५० घ्यायची ठरवली होती. मग बापाने विचारले, "शेंड्यावरची माशी कशात दिसली?" त्याने जुनी ५५-२५० घेतली, बॅटरी लावून तपासून. नळ्यांचा संच पुढच्या आंब्याच्या मोहोराला घेणार आहे. आता महिन्याला त्याचे फोटो येतात, माडाच्या नंबरासकट. गेल्या खेपेस आलेल्या फोटोत सात नंबरच्या माडावर वेटोळी कमी झाली होती. नानांनी खाली विचारले होते, "आता काय मारू नको ना, साहेब?" मी लिहिले, नको, फक्त पाणी.